दोन बोटे काळी फीत

हूरा, बहारीन
६ सप्टेंबर १९७९

जय येशू

ती. टेरेसाताईस,
फ्रान्सिसचा स. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. लिनेटला ताप येऊन गेल्याचे तू ताप उतरल्यावर कळवलेस, ते बरे केलेस. आधी कळले असते तरी इथे बसून मी काय करणार होतो?

माझी बातमी अशी की ईदच्या सुटीत मी लिस्बनला जाऊन आलो. तू हे वाक्य पुन्हा वाचशील, म्हणून मीच सांगतो, बरोबर वाचलेस. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. आमच्या खालच्या मजल्यावरचा महमूद तुला आठवत असेल. फेब्रुवारीत ऑलिव्हची शवपेटी घेऊन आलो, तेव्हा माझ्याबरोबर वसईपर्यंत आला होता तो रत्नागिरीचा माणूस. तो मनामात एका ट्रॅव्हल ऑफिसात असतो. त्याच्या ऑफिसला सवलतीची दोन तिकिटे मिळाली होती, सुटीत वापरली नाहीत तर फुकट जाणार. त्याची बायको जुबैदा म्हणाली की पडके किल्लेच बघायचे तर रत्नागिरीत काय कमी आहेत. मग हा माझ्या दारात येऊन पासपोर्ट मागू लागला. कशाला म्हणून विचारले तर म्हणाला, यल्ला, आधी दे, कारण मागाहून सांगतो. व्हिसाचे त्यानेच बघितले. मला बॅग भरण्यापुरती सवड मिळाली.

शहराबद्दल काय लिहू? सगळे चढ नाहीतर उतार. चुकून सपाट जागा सापडलीच तर तिथे कुणाचा तरी पुतळा उभा. आपण फरश्या जमिनीला बसवतो, हे लोक घराबाहेरच्या भिंतींना बसवतात आणि जी भिंत उरते तिच्यावर राजकीय पक्षांच्या घोषणा रंगवतात. ट्राम इतक्या चिंचोळ्या गल्लीतून जाते की खिडकीबाहेर हात काढला तर कुणाची तरी वाळत घातलेली चादर हातात यावी. महमूदला हे सारे फार आवडले. तो वळणावळणावर थांबून वाहवा करत होता. तेवढ्या वेळात मी दम खात होतो.

खाण्याचे म्हणशील तर सुके मासे. फळीसारखे कडक, दुकानाच्या दारात टांगलेले, आणि त्यांचा मान तर असा की दागिनेच जणू. आपल्याकडे बोंबलाला कुणी एवढा भाव देत नाही. आम्ही स्वस्तातला प्रवास ठरवला होता, त्यामुळे दोन्ही वेळा पाव आणि भाजलेल्या तारल्या. महमूद डुकराच्या भीतीने दुसऱ्या कशाला हात लावेना, आणि मला निवडायचा कंटाळा.

पासपोर्ट बघणाऱ्या माणसाने माझे नाव वाचले, फ्रान्सिस गोन्साल्विस, आणि एकदम खुलून माझ्याशी भडाभडा बोलायला लागला. मला एक अक्षर कळेना. त्याने पुन्हा पासपोर्ट पाहिला, पुन्हा मला पाहिले. हे नाव मी कुठून तरी उचलून आणले आहे असा त्याला संशय आला असावा. आपल्या वाडवडिलांना यांनी नाव दिले आणि भाषा द्यायची राहून गेली, त्याला मी काय करू? महमूदला मात्र एका शब्दाने न विचारता शिक्का मारून दिला. ज्या धक्क्यावरून त्यांची जहाजे आपल्याकडे निघाली तोही पाहिला. नदीचे पाणी आहे, पायऱ्या आहेत. महमूद म्हणाला, आलाच आहेस तर वसईच्या किल्ल्याचे भाडे मागून घे.

सोबत एक फोटो आहे. महमूदने काढला. आम्ही उतरलो होतो त्या घराचे अंगण. मागे उभी आहे ती घरमालकीण. लिनेटला दे, बापाचा चेहरा विसरायला नको.

आता मुख्य काम. लिनेटचा बहारीनचा व्हिसा डिसेंबरअखेर संपतो. त्याआधी ती आली नाही तर सगळे पहिल्यापासून, आणि बायको नसलेल्या माणसाला मुलीचा व्हिसा पुन्हा मिळेल अशी खात्री इथे कुणी देत नाही. शाळेत तिची जागा धरून ठेवली आहे. शाळा सुटल्यावर ती जुबैदाकडे राहील. सासूबाईंनी नाताळाआधी पाठवते म्हटले होते. त्यांना आठवण कर.

लोभ आहे तो राहू दे. राग आला तर तोही कळव.

तुझा,
फ्रान्सिस

*

गिरीज, वसई
१९ सप्टेंबर १९७९

जय येशू

चि. फ्रान्सिस यास,
अ. उ. आ.

पत्र मिळाले. पत्र ठीक आहे. फोटो पाठवण्याची बुद्धी तुला कुणी दिली, ते एकदा कळव.

आधी गावाचे सांगते. तू पोर्तुगालला गेलास म्हणजे फातिमामातेच्या यात्रेलाच गेलास, हे सगळ्यांनी आपसांत ठरवून टाकले. दुखवट्यातला माणूस दुसरीकडे कशाला जाईल? मी हो म्हटले नाही आणि नाही पण म्हटले नाही. आता आमच्या आळीत चार-पाच घरे तिथल्या रोझरीच्या माळेची वाट बघत आहेत. तू आणलेस काय, तर तारल्यांचे वर्णन! इतक्या लांब जाऊन मासे खाऊन येणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. अर्नाळ्याला गेला असतास तर बसने परत आला असतास.

असो. फोटो घेऊन मी निर्मळला तुझ्या सासरी गेले. ब्रिजिटमावशी वाल सोलत बसल्या होत्या. लिनेटने फोटो बघितला आणि डॅडी म्हणून ओरडली, तोवर सगळे बरे होते. मग मावशींनी तो तिच्या हातातून घेतला, चष्मा पुसला, ओटीवर उजेडात नेला. आधी तुझ्यापुढचा ग्लास पाहिला. मग तुझ्यामागची बाई पाहिली. आणि मग तुझ्या शर्टाच्या खिशावरची काळी फीत अशी काही निरखून पाहिली, की आता वास पण घेतात की काय असे मला वाटले.

तुला आठवत असेल, तू परत निघालास त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तुझ्या सगळ्या शर्टांवर स्वतःच्या हाताने फीत लावली होती. मला म्हणाल्या, मी लावली ती बोटभर होती. ही दोन बोटे आहे. कापड माझे नाही, हात माझा नाही, आणि पुरुषाच्या हातचे तर हे नाहीच. मग विचारू लागल्या की त्यांच्या मुलीच्या दुखवट्याची फीत लावून द्यायला या माणसाला सहा महिन्यांत दुसरी बाई मिळाली का? मी काहीतरी सावरायला गेले, तर मला वाल सोलायला बसवले.

निघताना सांगितलेला निरोप जसाच्या तसा लिहिते. लिनेट कुठेही जाणार नाही. ज्याला वर्ष पुरे व्हायच्या आत शहरे बघत हिंडायचे सुचते, त्याच्या घरी मुलगी कोणासाठी पाठवायची? त्या लिस्बनच्या बाईसाठी का? त्यांच्या नातीला त्या सांभाळायला समर्थ आहेत. व्हिसा गेला तर जाऊ दे, म्हणाल्या, ऑलिव्ह त्या देशात गेली ती पेटीतून परत आली.

हे सगळे पोरीसमोर. ती आत जाऊन तुझी फूटपट्टी घेऊन बसली. ती घेऊन ती दिवसभर काय मोजते, कोण जाणे.

आता नेहमीसारखी तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस. ती बाई कोण, फीत कुणी लावली, सरळ ब्रिजिटमावशींना लिही. नाहीतर मुलगी हातची जाईल, आणि तुला खरेच फक्त तारल्या आठवायला राहतील.

माया कमी नाही, पण अक्कल थोडी वाढव.

तुझी ताई,
टेरेसा

*

हूरा, बहारीन
१ ऑक्टोबर १९७९

जय येशू

ती. टेरेसाताईस,
फ्रान्सिसचा स. न. वि. वि.

शर्टाचा खुलासा मी सासूबाईंना लिहिणार नाही. त्यांनी मला एवढ्या वर्षांत एवढेच ओळखले असेल, तर कागद पाठवून काही उपयोग नाही. तुला लिहितो. कुणाला वाचून दाखवू नकोस.

सासूबाईंनी लावलेल्या फिती बहारीनला टिकल्या नाहीत. आमच्या हूऱ्यातल्या लाँड्रीवाल्याला ते कंपनीचे लेबल वाटले. प्रत्येक धुण्याला एकेक काढून त्याने मला शर्ट स्वच्छ करून दिला, आणि वर चांगले काम केल्यासारखा हसला. मग मी एक फीत सेफ्टी पिनेने अडकवू लागलो, रोज या शर्टावरून त्या शर्टावर. हॉटेलातल्या आमच्या मॅनेजरने विचारले की हे कुठल्या पक्षाचे चिन्ह आहे, गिऱ्हाइकांसमोर नको. मी हिशेबाच्या खोलीत बसतो, माझ्यासमोर गिऱ्हाईक येतच नाही. तरी नको. इथे रस्त्यावर निम्म्या बायका रोजच पायघोळ काळ्यात असतात, तेव्हा माझ्या बोटभर काळ्याचे कुणाला काय वाटणार?

आपले लोक तरी ओळखतात म्हणशील. शुक्रवारच्या मिस्सेनंतर वसईकर भेटतात. ते फीत बघतात आणि म्हणतात की अजून आहे का? गल्फमध्ये सहा महिने पुरतात, इथे उकाडा फार. दुखवटा आणि उकाडा यांचा संबंध मला कळलेला नाही. एकाने तर त्याच्या मेव्हणीचे वय सांगितले. मी विचारले नव्हते.

मग ईद आली. आमच्या बिल्डिंगीत चारही मजल्यांवर ईद. मागच्या वर्षी ऑलिव्ह सकाळपासून जुबैदाच्या स्वयंपाकघरात होती. ईदचा शीरखुर्मा प्रत्येक दारात जातो, आणि आपल्याकडे दुखवट्यात वर्षभर गोड घ्यायचे नाही. नको म्हणावे तर ऐन सणाला देणाऱ्याचा अपमान, घ्यावे तर ऑलिव्हचा. दार लावून बसलो असतो तर लोकांनी ठोठावले असते. हे महमूदला मी काही बोललो नव्हतो. त्याची तिकिटे ईदनंतरही चालली असती, हे मला परत आल्यावर जुबैदाने सांगितले. तो स्वतःची ईद सोडून मला दाराबाहेर काढून घेऊन गेला, आणि दगड बघायची हौस आहे असे सोंग केले. वळणावळणावर वाहवा का चालली होती तेही तेव्हा कळले. मला दम लागत होता म्हणून तो थांबत होता. असा लबाड माणूस आहे.

आता ती बाई. दोना ऑरोरा तिचे नाव. वय सासूबाईंएवढे, तोंडही तसेच. डोक्याच्या रुमालापासून पायमोज्यांपर्यंत काळी. स्वस्त म्हणून आम्ही तिच्या घरी उतरलो होतो आणि ती स्वस्तातल्या पाहुण्यांशी जसे वागतात तशी वागत होती. पाणी जपून वापरा, दिवा मालवा, सगळे हातवारे करून. महमूदला तिच्या भाषेतले चावी, साबण, पाव एवढे आपल्याकडेही तेच शब्द म्हणून आपोआप येत होते, तेवढ्यावर तो तिच्याशी गप्पा मारी.

सकाळी अंगणात पाव खाताना तिला माझी पिन दिसली. ती येऊन समोर उभी राहिली. फितीवर बोट ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी ऑलिव्ह म्हणालो. दुसरे काय सांगणार होतो? तिने आतल्या भिंतीवरच्या एका पुरुषाच्या फोटोकडे हात केला आणि जोआकिम म्हणाली. मग विचारले, मिस्सा? मी मान हलवली, हो, मिस्सा झाली. आमचे बोलणे एवढेच.

त्यानंतर तिने माझी फीत आपल्या बोटाने मोजली आणि तोंड वाकडे केले. महमूदने हातवाऱ्यांवरून अर्थ लावला तो असा की एवढीशी फीत चुलत्या-मामाला ठीक, बायकोला ही पुरत नाही. तिने शर्ट काढायला लावला. स्वतःच्या जुन्या रुमालाचे कापड कापून पायरीवर बसून लावू लागली. मी अंगणात गंजिफ्रॉकवर बसलो होतो. तसा बसलेला बरा दिसेना म्हणून तिने ग्लासात वाइन दिली. ती वाइनच होती, सासूबाईंनी बरोबर ओळखले. मग दुसऱ्या शर्टावरही लावली. मी शर्ट घातल्यावर तिने माझी कॉलर सरळ केली, आणि महमूदने फोटो काढला.

महमूदखेरीज फेब्रुवारीपासून न सांगता ज्याला कळले असे ते एकच माणूस. ते सोडले तर शहरात खरोखरच काही बघण्यासारखे नाही.

लिनेटची फूटपट्टी माझी नाही, ऑलिव्हची आहे. फ्रॉक बेतताना लागायची. तिच्याकडे राहू दे.

डिसेंबर जवळ येत आहे. मी इथून आणखी काही करू शकत नाही. करता आले असते तर केले असते.

तुझ्यापाशी माझे म्हणून जे काही आहे ते सांभाळ.

तुझा,
फ्रान्सिस

*

गिरीज, वसई
१४ ऑक्टोबर १९७९

जय येशू

चि. फ्रान्सिस यास,
अ. उ. आ.

कुणाला वाचून दाखवू नकोस असे तू लिहिलेस, म्हणजे वाचून दाखव. लहानपणी पण गुडघा फुटला की तू मला सांगायचास, आईला सांगू नकोस. आणि मी सांगेपर्यंत माझ्या मागेमागे फिरायचास. तेव्हा मी निर्मळला गेले.

ब्रिजिटमावशींनी मला बस म्हटले नाही. मी उभ्याने वाचले. लाँड्रीवाल्यापाशी त्या नाकाने हसल्या. मॅनेजरपाशी एक शब्द बोलल्या, तो लिहीत नाही. मेव्हणीचे वय वाचले तेव्हा त्यांनी त्या वसईकराचे घर कुठले म्हणून विचारले. मला माहीत नाही म्हटले, नाहीतर त्या लगेच निघाल्या असत्या. पुढचे वाचताना माझाच आवाज नीट लागेना. तू आम्हाला हे कधी बोलला नाहीस रे. शीरखुर्म्याचे तरी लिहायचे होतेस.

चुलत्या-मामाची फीत हे वाचले तेव्हा मात्र त्या उठल्या आणि विळी धुवायला गेल्या. धुतलेली विळी. परत आल्या त्या फोटो मागत. मी दिला. बराच वेळ बघून त्यांनी तो आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आणि मला म्हणाल्या की घरी तुझ्या माणसांची जेवायची वेळ झाली असेल. झाले. हो नाही आणि नाही पण नाही. लिनेटला विचारायचा मी प्रयत्न केला, तर ती इंग्रजीत म्हणाली की ग्रॅनी रागावलेली नाही, ग्रॅनी विचार करते आहे. नऊ वर्षांच्या पोरीला जे दिसते ते मला दिसेना.

रोझरीची वाट बघणाऱ्यांना मी सांगून टाकले की तू फातिमाला गेला नव्हतास. त्यांनी तुला नावे ठेवली. मीही थोडी ठेवली, नाहीतर त्यांना वाईट वाटले असते.

महमूदला माझा नमस्कार सांग. त्या लबाडाला इथे आला की वाल घालून जेवायला वाढीन.

काळजी करते आहे, एवढे तुला सांगायची गरज नाही.

तुझी ताई,
टेरेसा

*

निर्मळ, वसई
३ नोव्हेंबर १९७९

जय येशू

चि. फ्रान्सिस यास,
ब्रिजिटचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. माझे अक्षर तुझ्या बहिणीच्या अक्षरापेक्षा बरे आहे. तिचे वाचन मात्र वाईट. मध्येच रडते, मग माणसाला कळत नाही की तू काय लिहिलेस आणि तिने काय वाढवले.

त्या लिस्बनच्या बाईने माझ्या फितीला नाव ठेवले. तिला म्हणावे, मला गावच्या दुकानात त्या दिवशी जेमतेम दीड वार फीत मिळाली. तेवढ्यात तुझे सगळे शर्ट, लिनेटचे फ्रॉक आणि तुझ्या सासऱ्यांचे दोन कोट बसवायचे होते. म्हणून बोटभर. घरात मुलीची पेटी ठेवलेली असताना मी मुंबईला फीत आणायला जाणार होते का? बायकोला किती लावतात ते मला लिस्बनकडून शिकायचे नाही. पण तिने लावली ती सरळ लावली आहे. कोपरे दुमडले आहेत. आळसाने लावलेली नाही.

तू मला लिहिले नाहीस. मी ओळखले नाही म्हणतोस. तू तोंड उघडत नाहीस, तर माणसाने ओळखायचे कशावरून? ऑलिव्ह तुझ्या वतीने बोलायची, आम्ही ऐकायचो. आता ती नाही, तर तुला स्वतः बोलावे लागेल. मुलीशी तर बोलावेच लागेल. ती मराठीत विचारले की इंग्रजीत उत्तर देते, आणि रात्री झोपेत मात्र मराठीत बोलते. कुणीतरी जागे राहून ऐकायला पाहिजे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ये आणि तिला घेऊन जा. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवणार नाही, स्वतः ये. शर्ट सगळे आण. फेब्रुवारीपर्यंत फीत राहिली पाहिजे. त्या लाँड्रीला कपडे देणे बंद कर, धुवायला हात आहेत. तुझ्या शेजारणीला गोड न खाण्याचे वर्ष संपले की पुढच्या ईदला दोन वाट्या पाठव म्हणावे, एक ऑलिव्हची. आणि त्या वसईकराचे घर कुठले ते मला वेगळ्या कागदावर कळव.

काल मृतांचा दिवस होता. मिस्सेत वाचायची नावे मी आदल्या दिवशी फादरांकडे दिली. आपल्या घरातली सगळी, मग ऑलिव्ह, आणि ऑलिव्हच्या खाली जोआकिम. फादर नवे आहेत, तरी निर्मळच्या सगळ्या घरांची नावे त्यांनी पाठ केली आहेत. त्यांनी विचारले, हा कुठल्या घरचा? मी म्हटले आमच्याच घरचा, तुम्ही वाचा. वाचताना ते अडखळले. मी पहिल्या बाकावरून मोठ्याने नाव सांगितले, तेव्हा त्यांनी पुन्हा नीट वाचले.

त्या बाईला हे कळव. तुला भाषा येत नाही म्हणून गप्प बसू नकोस. कागदावर जोआकिम लिही आणि मिस्सा लिही. तिला कळेल.

लोभ होता तो आहे. त्यापेक्षा जास्त मागू नये.

तुझी सासू,
ब्रिजिट